विंडोज ११ ला विंडोज ७ चं रूप: कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच घरांत विंडोज ११ चा संगणक पहिल्यांदाच आला. माझे वडील सोसायटीचे हिशेब बघतात. नव्या लॅपटॉपवर त्यांचा माऊस सवयीने खाली डाव्या कोपऱ्यात जायचा, आणि तिथे स्टार्ट मेनूऐवजी हवामानाचं विजेट उघडायचं. ते बंद करायचे, पुन्हा तिथेच जायचे, पुन्हा हवामान. अशा माणसाला "नवीन शिकून घ्या" म्हणण्यापेक्षा जुनी मांडणी लावून देणं मला योग्य वाटतं. ते होतं, आणि सुरक्षितपणे होतं.

पण लोक हे करतात कसं? "विंडोज ७ थीम" असं शोधतात, पहिली सापडलेली फाइल चालवतात, मनासारखं दिसलं नाही की दुसरं साधन बसवतात, मग तिसरं. मग एक दिवस टास्कबार गायब होतो आणि कोणत्या साधनाने घात केला हे कळायला मार्ग राहत नाही. साधनं वाईट नसतात, त्यांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. स्टार्ट मेनू, टास्कबार, डेस्कटॉपवरची चिन्हं, राइट क्लिकचा मेनू, रंग आणि वॉलपेपर हे सगळं जुन्यासारखं करता येतं. सेटिंग्जची खिडकी मात्र नवीच राहणार. खिडक्यांच्या वरच्या पट्टीतली ती काचेसारखी झळाळी हुबेहूब आणायची तर विंडोजच्या मूळ फाइलींना हात लावावा लागतो, आणि तो लावायचा नाही. संगणक रोजच्या वापराचा असेल तर काच सोडून द्या.

## पायरी १: तयारी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती टाळतात. तासभर लागतो, तो द्या.

१. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं जाऊन विंडोजची आवृत्ती बघा. २३एच२, २४एच२ असं जे लिहिलेलं असेल ते वहीत टिपून ठेवा. तिथेच एडिशनमध्ये "एस मोड" दिसला तर थांबा. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले ॲप चालतात, बाहेरचं काहीही बसत नाही. एस मोडमधून बाहेर पडता येतं, पण परत त्यात जाता येत नाही, म्हणून तो निर्णय संगणक ज्याचा आहे त्याला घेऊ द्या. सिस्टम टाइपमध्ये प्रोसेसर एआरएम (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा) असल्याचं दिसलं, तर कोणतंही साधन उतरवण्याआधी ते एआरएमवर चालतं का, हे त्या साधनाच्या पानावर वाचा.

२. कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. पुढे सांगितलेला रिस्टोअर पॉइंट विंडोज परत पूर्वीसारखं करतो, तुमच्या फाइलींची काळजी तो घेत नाही.

३. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुधा आपोआप चालू झालेलं असतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते आत्ताच शोधा. ती त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. कागदावर उतरवून लॅपटॉपपासून वेगळी ठेवा. काही बिघडलं आणि संगणकाने ही की मागितली तर त्या क्षणी ती लॅपटॉपच्या आतल्या फाइलमध्ये असून उपयोग नसतो.

४. रिस्टोअर पॉइंट तयार करा. स्टार्टच्या शोधखिडकीत "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" हे इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर दाबा. अनेक संगणकांवर प्रोटेक्शन बंद असतं. ते चालू करा, खालची पट्टी साधारण ५ टक्क्यांवर आणा, ओके करा, आणि मग क्रिएट दाबून नाव द्या: "रूप बदलण्याआधी". पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत खिडकी बंद करू नका.

५. डेस्कटॉप, टास्कबार आणि स्टार्ट मेनू यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "आधी हे इथे होतं का?" असा वाद झाला की हेच कामाला येतात.

तपासा: ज्याच्यासाठी हे करताय त्याच्याच लॉगिनमध्ये आहात ना? टास्कबारची जागा, स्टार्ट मेनूची शैली, रंग हे बहुतेक सगळं त्या त्या वापरकर्त्यापुरतं असतं. तुमच्या खात्यात सगळं सुंदर लावलंत तरी आईच्या खात्यात काहीच बदललेलं नसेल.

सावध: संगणक ऑफिसचा, शाळेचा किंवा बँकेचा असेल तर पायरी २ च्या पुढे तिथल्या संगणक विभागाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

## पायरी २: विंडोजची स्वतःची सेटिंग्ज

बाहेरचं काहीही न बसवता निम्म्याहून जास्त काम इथे होतं. हे माहीत नसल्यामुळे लोक साध्या कामासाठी अनोळखी साधनं उतरवतात.

१. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार उघडा. वरच्या टास्कबार आयटम्समध्ये सर्च "हाइड" करा, टास्क व्ह्यू आणि विजेट्स बंद करा. कोपऱ्यातलं हवामान इथेच संपतं.

२. त्याच पानावर खाली टास्कबार बिहेवियर्स उघडा आणि टास्कबार अलाइनमेंट "लेफ्ट" करा. स्टार्टचं बटण आपल्या जुन्या कोपऱ्यात येतं. एवढा एक बदल केला आणि वडिलांची अर्धी तक्रार मिटली.

३. तिथेच "कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स" आहे. ते "नेव्हर" करा. प्रत्येक उघड्या फाइलीचं वेगळं बटण आणि त्यावर नाव दिसू लागतं. हा पर्याय २३एच२ पासून सर्वांना मिळतो. तुमच्याकडे दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करा, दुसरं साधन शोधू नका.

४. अगदी उजव्या टोकाला क्लिक केलं की डेस्कटॉप दिसायचा, ती सवय हाताला असते. याच यादीत शेवटच्या ओळींमध्ये टास्कबारच्या टोकावर क्लिक करून डेस्कटॉप दाखवण्याची चौकट आहे, तिथे खूण करा.

५. पर्सनलायझेशन, थीम्स, डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज इथे कॉम्प्युटर (डेस्कटॉपवर त्याचं नाव धिस पीसी दिसतं), युजर्स फाइल्स आणि कंट्रोल पॅनेल यांच्यावर खूण करा. "माय कॉम्प्युटर कुठे गेला?" या प्रश्नाचं उत्तर हे.

६. फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या तीन टिंबांमधून ऑप्शन्समध्ये जा. "ओपन फाइल एक्सप्लोरर टू" समोर "धिस पीसी" निवडा. मग व्ह्यू मेनूतून कॉम्पॅक्ट व्ह्यू चालू करा, म्हणजे ओळींमधलं जास्तीचं अंतर जाऊन यादी पूर्वीसारखी दाट दिसते.

७. राइट क्लिकचा जुना, लांब मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक करा. तो थेट उघडतो. इंटरनेटवर यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, बदल करायचे उपाय भरपूर सापडतील. ज्याला रजिस्ट्री परत पूर्ववत करता येते त्याने ते करावेत. इतरांना शिफ्ट पुरेसा आहे.

आता थांबा. संगणक रिस्टार्ट करा आणि दोन दिवस तसाच वापरू द्या. हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत, कारण माणूस नेमका कुठे अडतो ते त्यात दिसतं. वडिलांच्या बाबतीत त्यांना टास्कबारचं काहीच खटकत नव्हतं. खटकत होती ती स्टार्टमधली "ऑल प्रोग्राम्स" ची यादी. मी बाजूला बसून बघितलं: ते स्टार्ट उघडायचे, पिन केलेल्या चौकोनी चिन्हांकडे बघायचे आणि हात माऊसवरून काढून घ्यायचे. मग फक्त स्टार्ट मेनू बदलला, बाकी काही नाही.

## पायरी ३: स्टार्ट मेनू, आणि साधनाची निवड

इथे दोन रस्ते आहेत. एकच निवडायचा.

पहिला रस्ता ओपन-शेलचा. हे मोफत आहे आणि याचा सोर्स कोड खुला आहे. पूर्वी क्लासिक शेल नावाचं साधन होतं, त्याचंच काम पुढे चालवणारं हे. ते मुख्यतः स्टार्ट मेनू बदलतं. दुसरा रस्ता स्टार्टऑलबॅकचा. हे विकत घ्यायचं साधन आहे, आधी काही दिवस वापरून बघता येतं. ते स्टार्ट मेनू, टास्कबार, फाइल एक्सप्लोरर आणि राइट क्लिक मेनू असं सगळं एकत्र बदलतं, आणि पहिल्यांदा उघडल्यावर विंडोज ७, १० किंवा ११ च्या धाटणीची तयार रूपं समोर ठेवतं.

माझा सल्ला: फक्त स्टार्ट मेनू खटकत असेल तर ओपन-शेल. सगळंच जुनं हवं असेल आणि पैसे द्यायची तयारी असेल तर स्टार्टऑलबॅक. दोन्ही कधीही एकत्र नकोत. दोघांनाही स्टार्टचं तेच बटण आणि तीच विंडोज की हवी असते. मी एकदा अशी दोन साधनं एकाच संध्याकाळी बसवली होती. टास्कबार दर काही सेकंदांनी नाहीसा होऊन परत येत राहिला आणि रिस्टोअर पॉइंट होता म्हणूनच सुटका झाली.

ओपन-शेल बसवण्याचा क्रम असा:

१. ते गिटहबवरच्या (खुल्या सोर्स कोडची साधनं जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावरच्या) त्याच्या मूळ पानावरूनच उतरवा. व्हिडिओखाली दिलेल्या लिंका, टेलिग्रामवरच्या फाइली, "डाउनलोड" असं मोठ्ठं हिरवं बटण असलेली पानं यांच्यावरून नाही. साधन मूळ जागेवरून मिळत असताना दुसऱ्याच्या हातून घ्यायचं काही कारण नाही.

२. इन्स्टॉल करताना घाईने नेक्स्ट, नेक्स्ट करू नका. मधल्या एका खिडकीत भागांची यादी येते: क्लासिक एक्सप्लोरर, ओपन-शेल मेनू, क्लासिक आयई. आपल्याला फक्त ओपन-शेल मेनू हवा आहे. उरलेल्या दोघांच्या नावाआधीच्या छोट्या चित्रावर क्लिक करा आणि लाल फुलीचा पर्याय निवडा. बहुतेकांची चूक इथेच होते. सगळे भाग बसतात आणि फाइल एक्सप्लोररमध्ये नको त्या गोष्टी दिसू लागतात.

३. बसवून झाल्यावर स्टार्टवर क्लिक केलं की सेटिंग्ज उघडतात. "स्टार्ट मेनू स्टाइल" मध्ये "विंडोज ७ स्टाइल" निवडा. मग खालच्या "सिलेक्ट स्किन" मधून "विंडोज एरो" निवडा.

४. स्टार्टचं बटणही बदलायचं असेल तर "रिप्लेस स्टार्ट बटन" वर खूण करा. टास्कबार पायरी २ मध्ये डावीकडे आणलेला असेल तरच हे नीट बसतं.

५. "कंट्रोल्स" मध्ये बघा: साधं क्लिक आणि विंडोज की दोन्ही ओपन-शेलला जोडलेली असावीत, आणि शिफ्ट दाबून क्लिक केलं की विंडोजचा स्वतःचा मेनू उघडावा. ही मागची वाट मुद्दाम राखून ठेवा. जुना मेनू कधी अडला तर नव्यातून काम चालू राहतं.

६. खाली "बॅकअप" बटण आहे. त्यातून सगळी मांडणी एका फाइलीत साठवा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढे साधन काढून परत बसवावं लागलं तर ही फाइल उघडली की सगळं जागच्या जागी येतं.

तपासा: रिस्टार्ट करा. स्टार्ट उघडतो का? ऑल प्रोग्राम्समध्ये रोजचे प्रोग्राम आहेत का? शटडाउन बटण चालतं का? प्रिंट निघते का? चारही "हो" आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

## पायरी ४: जुना टास्कबार

बहुतेकांनी ही पायरी सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पायरी २ नंतर टास्कबार पुरेसा जुन्यासारखा झालेला असतो, आणि टास्कबार मुळातून बदलणारी साधनं विंडोजच्या आत खोलवर शिरतात. स्टार्टऑलबॅक घेतलं असेल तर टास्कबार त्यातच आहे, वेगळं काही नको.

तरीही हवाच असेल तर एक्सप्लोररपॅचर हे मोफत साधन विंडोज १० सारखा टास्कबार आणतं. ते बसवताना अँटिव्हायरस अडवू शकतो, कारण हे साधन चालू प्रोग्रामच्या आत बदल करतं आणि घातक प्रोग्रामही तेच करतात. अशा वेळी अँटिव्हायरस पूर्ण बंद करून पुढे जाणं ही मोठी चूक आहे. फाइल मूळ पानावरचीच आहे याची खात्री नसेल तर तिथेच थांबा. ओपन-शेलसोबत हे वापरणार असाल तर याच्या सेटिंग्जमध्ये फक्त टास्कबारची शैली बदला, स्टार्ट मेनूचे पर्याय आहेत तसे राहू द्या.

## पायरी ५: रंग, वॉलपेपर आणि मराठी

रंग लावताना एक जागा सगळ्यांना अडवते. टास्कबारला निळा रंग द्यायला गेलं की तो पर्याय फिका दिसतो, दाबताच येत नाही. कारण विंडोज लाइट मोडमध्ये असतं. पर्सनलायझेशन, कलर्समध्ये "कस्टम" निवडा, विंडोजसाठी डार्क आणि ॲपसाठी लाइट ठेवा. मग अॅक्सेंट कलर निळा करा आणि स्टार्ट व टास्कबारवर तो दाखवण्याची चौकट चालू करा. खालीच खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी वेगळी चौकट आहे, तीही चालू करा. पारदर्शकता चालू ठेवली की जुन्या काचेच्या जेवढं जवळ जाता येतं तेवढं जातं.

वॉलपेपरसाठी थीमच्या फाइली उतरवू नका. घरात जुना विंडोज ७ चा संगणक असेल तर त्याच्या विंडोज फोल्डरमध्ये वेब, आणि त्यात वॉलपेपर नावाचं फोल्डर आहे. तिथलं ते निळं चित्र पेन ड्राइव्हवर घेतलं की झालं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सापडणार नाहीत.

पहिली फॉन्टची. विंडोज ७ मध्ये देवनागरीसाठी मंगल फॉन्ट होता. आता पडद्यावर निर्मला यूआय असतो आणि मंगल हा ऐच्छिक भाग झाला आहे. जुनी पत्रं, ठराव, नोटिसा मंगलमध्ये असतील तर त्या नव्या संगणकावर वेगळ्या फॉन्टमध्ये उघडतात, ओळी सरकतात, एका पानाचं पत्र दोन पानांवर जातं. सेटिंग्ज, सिस्टम, ऑप्शनल फीचर्समध्ये "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" शोधून बसवा. मंगलसोबत कोकिळा, अपराजिता, उत्साह हेही येतात. विंडोजचा स्वतःचा पडद्यावरचा फॉन्ट बदलून देणारी साधनं मात्र वापरू नका.

दुसरी कीबोर्डची. भाषा बदलायची ती छोटी पट्टी पूर्वी पडद्यावर वेगळी ठेवता यायची, आणि टाइप करणाऱ्याची नजर सतत तिच्याकडे असायची. ती अजूनही आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे "यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार" वर खूण करा. वडिलांना मी पडद्याच्या वरच्या कडेला ती लावून दिली. आपण मराठीत टाइप करतोय की इंग्रजीत, हे त्यांना आता पहिला शब्द उमटायच्या आधी कळतं.

## या गोष्टी करू नका

थीम चालाव्यात म्हणून विंडोजच्या मूळ फाइली बदलणारे पॅचर नकोत. एका अपडेटने फाइल बदलली की लॉगिननंतर नुसता काळा पडदा दिसू शकतो.

डेस्कटॉपवरची घड्याळ-कॅलेंडरची गॅजेट्स परत आणणारी पॅकेजेस नकोत. सुरक्षेतल्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये ती बंद करायला सांगितलं होतं.

कोणीतरी आधीच "विंडोज ७ लूक" लावून दिलेली विंडोजची फाइल पेन ड्राइव्हवरून बसवू नका. आत काय भरलंय ते तुम्हाला दिसत नाही आणि त्याच संगणकावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करणार आहात.

मूळ विंडोज ७ वर परत जाऊ नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. आपल्याला फक्त दिसणं जुनं हवंय.

आणि रूप टिकावं म्हणून अपडेट बंद करू नका. ही चूक फार जण करतात.

## पायरी ६: अपडेटचा दिवस

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे साधारण मंगळवारी रात्री किंवा बुधवारी. मासिक अपडेटने सहसा काही होत नाही. वर्षातून एकदा आवृत्तीच बदलते तेव्हा मात्र जपा. २४एच२ आलं तेव्हा अशा साधनांच्या जुन्या आवृत्त्या अडकल्या होत्या. मोठ्या अपडेटआधी हा क्रम पाळा: साधनाची मांडणी फाइलीत साठवा, साधन अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट, मग अपडेट, मग साधनाची नवी आवृत्ती मूळ पानावरून बसवून मांडणीची फाइल उघडा.

टास्कबार लुकलुकत असेल किंवा पडदा रिकामा असेल तर घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका. खालचं क्रमाने करा:

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. यादीतल्या विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रिस्टार्ट दाबा.

२. तरी सुधारलं नाही तर टास्क मॅनेजरमधूनच "रन न्यू टास्क" उघडा, इंग्रजी अक्षरांत "कंट्रोल" टाइप करून एंटर दाबा. कंट्रोल पॅनेल उघडेल. "अनइन्स्टॉल अ प्रोग्राम" मधून शेवटी बसवलेलं साधन काढा.

३. तेही जमलं नाही तर लॉगिनच्या पडद्यावर पॉवरचं चिन्ह उघडा, शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टम रिस्टोअर. पायरी १ मधला "रूप बदलण्याआधी" निवडा. ती ४८ आकडी की इथेच मागितली जाऊ शकते. अनेक जण याऐवजी सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या भागांवर सुरू होतं ती अवस्था) जाऊन साधन काढायला बघतात. तिथे विंडोजची इन्स्टॉलर सेवा चालू नसते, त्यामुळे अशी बरीच साधनं सेफ मोडमधून निघतच नाहीत.

सगळं सुरळीत असूनही रूप परत नवं करायचं असेल तर उलट्या क्रमाने जा: आधी टास्कबारचं साधन, रिस्टार्ट, मग स्टार्ट मेनूचं, रिस्टार्ट, शेवटी सेटिंग्ज. आणि काय काय बसवलंय, कोणत्या तारखेला, मांडणीची फाइल कुठे आहे, हे एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असताना शेजारच्या मुलालाही फोनवर सांगता येईल.